रॅश ड्रायव्हिंगची केस, मुलगा वीस वर्षांचा, बेळगाव जेएमएफसी (प्रथम वर्ग न्यायदंडाधिकारी) कोर्टाचं समन्स: कबूल करायचं की लढायचं?

मच्छे_माळ
जाणकारांना नमस्कार. पुतण्या वीस वर्षांचा, पक्कं लायसन आहे, गाडीचा विमा चालू आहे. खानापूर रोडला पिरनवाडी क्रॉसजवळ संध्याकाळी रस्ता ओलांडणाऱ्या एका गृहस्थांना त्याची दुचाकी लागली, त्यांच्या पायाचं हाड मोडलं. स्टेशनातच जामीन झाला. आता चार्जशीट कोर्टात गेलंय. कलमं: भारतीय न्याय संहिता २८१, १२५ बी आणि मोटार वाहन कायदा १८४. घरात दोन मतं आहेत. एक म्हणतं, पहिल्याच तारखेला कबूल करून दंड भरा आणि सुटा. दुसरं म्हणतं, लढा. पोरगा आर्मी भरतीची तयारी करतोय. काय करावं?

कोर्टआवार
आधी कलमं बघा. अपघात १ जुलै २०२४ नंतरचा म्हणून न्याय संहिता लागलीय. २८१ म्हणजे जुन्या भारतीय दंड विधानाचं २७९: सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. १२५ बी म्हणजे जुनं ३३८, पण इथं फरक पडलाय. पूर्वी दोन वर्षांपर्यंत कैद आणि हजारापर्यंत दंड होता, आता तीन वर्षं आणि दहा हजारांपर्यंत. १८४ ला पहिल्या वेळी सहा महिने ते एक वर्ष कैद, किंवा एक ते पाच हजार दंड, किंवा दोन्ही.

कैदेचा आकडा दोन वर्षांच्या वर गेला की ती समन्स केस राहत नाही, वॉरंट केस होते. समन्स आलं म्हणून समन्स केस, असा गैरसमज करून घेऊ नका. म्हणजे आधी कागदांच्या प्रती मिळणार, मग आरोप ठेवायचा की नाही यावर म्हणणं, मग आरोप वाचून दाखवणार, आणि कबुली किंवा नकार त्यानंतर. 'पहिल्याच तारखेला कबूल करून सुटा' हा सल्ला जुन्या ३३८ च्या काळातला आहे. आणि आरोपमुक्तीचा अर्ज द्यायचा असेल तर नागरिक सुरक्षा संहितेच्या २६२ प्रमाणे कागद हातात आल्यापासून ६० दिवसांत. वकीलपत्र उशिरा दिलं की हे दिवस नुसते निघून जातात.

लालमाती
लहान केस हो, एवढा बाऊ कशाला? बेळगाव कोर्टात असल्या केसेस ढीगभर असतात. दंड होतो, भरायचा, घरी यायचं. लढलात तर तारखाच तारखा.

कोर्टआवार
@लालमाती, नुसतं २८१ असतं आणि मुलाला सरकारी नोकरी, पासपोर्ट यातलं काही नको असतं, तर तुमचं म्हणणं चाललं असतं. इथं हाड मोडलंय. कबुलीवर झालेली शिक्षा म्हणजे नोंदीतली शिक्षाच, दंड कितीही छोटा असो. कबुलीनंतर अपील उरतं ते फक्त शिक्षा किती आणि कायदेशीर आहे का एवढ्यापुरतं, दोष सिद्ध झाला की नाही यावर नाही. ती कबुली पुढं मोटार अपघात दावा न्यायाधिकरणातही समोर ठेवली जाते. तिथं भरपाईचा प्रश्न असतो आणि 'चूक चालकाची' हे तुम्ही आधीच लिहून दिलेलं असतं.

भरतीचं म्हणाल तर फॉर्ममध्ये विचारतात: केस आहे का, शिक्षा झालीय का. खरं लिहायचं. २०१६ च्या अवतार सिंग निकालात सुप्रीम कोर्टाने म्हटलंय की माहिती लपवणं हेच निवड रद्द करायला कारण होऊ शकतं. किरकोळ केस खरी सांगितली असेल तर नेमणूक करणाऱ्याने तिचं स्वरूप बघून ठरवावं. आमच्याकडे पोरं नेमकं उलटं करतात, 'पोलिसांना कुठं कळतंय' म्हणून 'नाही'वर टिक मारतात. चारित्र्य पडताळणीत ते निघतं.

पहाणी_उतारा
वाद बाजूला ठेवून पहिल्या तारखेचं सांगतो, कारण घोटाळा तिथंच होतो.

समन्सवर सी.सी. नंबर, म्हणजे कोर्टातला केस नंबर असतो. त्यावरून ई-कोर्ट्स ॲपवर केस शोधा, सोळा अक्षरांचा सीएनआर नंबर मिळेल, तो लिहून ठेवा. पुढची तारीख, कोर्ट हॉल, टप्पा सगळं त्यावर दिसतं. समन्सवरचं कोर्ट नीट वाचा; बेळगावात जेएमएफसी एकापेक्षा जास्त आहेत, पोरं चुकीच्या हॉलबाहेर उभी राहतात आणि पुकारा होऊन जातो.

स्टेशनचा जामीन होता, पण कोर्टात नव्याने बाँड लिहून द्यावा लागतो. जामीनदार सोबत न्या. त्याचा आधार, दोन फोटो आणि शेतीचा ताजा उतारा, म्हणजे आरटीसी. जुना चुरगळलेला उतारा चालवून घेतील या आशेवर राहू नका. बेळगाव शहरातल्या वडगाव-शहापूरच्या घरात शेत नसतं, तिथं घरपट्टीची पावती किंवा पगाराची स्लिप घेऊन जातात. कोर्टाने मान्य केलं तर रोख रक्कम भरूनही होतं.

शिनोळी_नाका
आमचे पाहुणे सगळे चंदगड-गडहिंग्लजकडचे. महाराष्ट्रातला जामीनदार चालतो का? एका केसमध्ये क्लार्कनेच परत पाठवल्याचं ऐकलंय.

कोर्टआवार
जामीनदार दुसऱ्या जिल्ह्यातला किंवा राज्यातला आहे एवढ्याच कारणाने नाकारता येत नाही. १९७८ चा मोती राम विरुद्ध मध्य प्रदेश हा निकाल त्यावरच आहे, आणि त्यात प्रादेशिक भाषेत नसलेल्या अर्जांचाही उल्लेख आहे. वकिलाला त्याचा दाखला द्यायला सांगा. तरी व्यवहार म्हणून सांगतो, सातबारा पडताळायला वेळ लागतो, त्यामुळे त्याच दिवशी काम उरकायचं असेल तर तालुक्यातला माणूस बरा.

मच्छे_माळ
कागद सगळे कन्नडमध्ये आहेत. पोराला कन्नड बोलता येतं, वाचायला जमत नाही. स्टेशनात दोन-तीन कागदांवर सह्या घेतल्यात म्हणतो.

घाटमाथा
सह्या कशावर आहेत ते आधी शोधा. नागरिक सुरक्षा संहितेच्या ३५(३) ची हजर राहण्याची नोटीस, जामिनाचा बाँड, गाडी जप्तीचा महजर (पंचनामा) यावर सही असणं साधारण आहे. पोलिसांनी तपासात घेतलेल्या जबाबावर सही घ्यायची नसते, आणि पोलिसांपुढची कबुली आरोपीविरुद्ध पुरावा होत नाही. म्हणून घाबरू नका, पण चार्जशीटची प्रत मिळाली की पानन्‌पान मराठीत लिहून काढा. वकिलाचा कारकून 'सगळं नेहमीचंच आहे' म्हणेल. त्याच्यावर सोडू नका. कोर्टात साक्ष न समजणाऱ्या भाषेत चालली तर ती आरोपीला समजेल अशा भाषेत सांगितली जावी, असा कायदाच आहे. वकिलाने पहिल्या साक्षीदाराआधी तसं सांगितलं की पुढं अडचण येत नाही.

आता खरी केस कुठं आहे ते. फिर्यादीत 'अतिवेगाने आणि निष्काळजीपणे' हे वाक्य असणारच, जिल्ह्यातल्या प्रत्येक अपघाताच्या एफआयआरमध्ये असतं. ते वाक्य म्हणजे पुरावा नव्हे. आपल्याच राज्यातली केस आहे, कर्नाटक सरकार विरुद्ध सतीश, १९९८. सुप्रीम कोर्टाचं म्हणणं असं की नुसता वेग जास्त होता म्हणून बेदरकारपणा सिद्ध होत नाही. वेग जास्त म्हणजे काय, हे साक्षीदाराला अंदाजानेही सांगता आलं नाही तर त्या शब्दाला वजन नाही. अपघात झाला म्हणजे चूक असणारच, हे गृहीतक फौजदारीत आरोपीवर लादता येत नाही.

मग बघायचे तीन कागद: स्पॉट महजर आणि त्याचा नकाशा, मोटार वाहन निरीक्षकाचा अहवाल, आणि जखमेचा दाखला.

नकाशात रस्त्याची रुंदी किती लिहिलीय, धडकेची जागा डाव्या कडेपासून किती फुटांवर आहे, ब्रेकचे ओरखडे किती लांब, दिवाबत्ती होती का, दुभाजकाला फट होती का, झेब्रा पट्टे होते का. बऱ्याच नकाशांत एक चौकोन, एक बाण आणि फुली एवढंच असतं, मापं नसतातच. मापं नसतील तर गाडी चुकीच्या बाजूला होती हे सरकारी पक्षाला तोंडी साक्षीवरच न्यावं लागतं. आणि धडकेची जागा रस्त्याच्या मधोमध दाखवली असेल, तर ओलांडणारा माणूस दुभाजकावरून अचानक उतरला का, हा प्रश्न उलटतपासात येतो.

निरीक्षकाचा अहवाल हा साधारण एक-दोन पानांचा असतो. शेवटी ब्रेक ठीक होते, अपघात यांत्रिक दोषाने झालेला नाही, असं लिहिलेलं असतं आणि सगळे तेवढंच वाचतात. त्याच्या वर नुकसानीची यादी असते ती वाचा. समजा फिर्यादीत आहे 'समोरून सरळ येऊन ठोकर दिली' आणि यादीत आहे डावा आरसा तुटला, डाव्या बाजूचा क्लच लिव्हर वाकला, पुढचं मडगार्ड आणि हेडलाइट शाबूत. सरळ ठोकर असती तर हेडलाइट-मडगार्डला काहीतरी लागलंच असतं. म्हणजे माणूस डावीकडून गाडीच्या अंगाला लागलाय. ही एक ओळ साक्षीदाराला विचारण्याच्या दहा प्रश्नांपेक्षा मोलाची.

कोर्टआवार
जखमेच्या दाखल्याचं मी सांगतो. १२५ बी टिकायला 'गंभीर दुखापत' सिद्ध व्हावी लागते. हाड मोडणं किंवा निखळणं त्यात येतं. जुन्या कायद्यात वीस दिवस तीव्र वेदना किंवा नेहमीची कामं बंद असं होतं, आता ते पंधरा दिवस झालंय. दाखल्यावर नुसतं 'गंभीर' लिहून भागत नाही. एक्स-रे नंबर आहे का, फिल्म हजर केलीय का, वाचणारा डॉक्टर साक्षीला आहे का, हे बघा. एक्स-रे पुढं आला नाही तर वकील १२५ ए वर आणायचा प्रयत्न करतात: सहा महिने किंवा पाच हजार. पण तुमच्या केसमध्ये हाड खरंच मोडलंय आणि उपचाराची कागदं आहेत. यावर सगळी भिस्त ठेवू नका.

निपाणी_बायपास
महजरबद्दल एक. पंच कोण आहेत बघा. जागेपासून लांब गावचा, आधीच्या केसेसमध्येही पंच असलेला माणूस असेल तर उलटतपासात उघडा पडतो.

आमच्या भागात, म्हणजे निपाणी-चिकोडी-रायबागकडे, उसाच्या हंगामात वेगळीच भानगड असते. डबल ट्रॉली, मागं दिवा नाही, रिफ्लेक्टर चिखलाने झाकलेला, रस्त्यावर पंक्चर काढायला उभी. मागून पोरगा आदळतो आणि केस पोरावर. समोरच्याची चूक हा फौजदारीत थेट बचाव नसतो, पण अपघाताचं तात्काळ कारण कोण होतं हे ठरवताना ट्रॉलीचा दिवा मोजला जातो. त्यासाठी ट्रॉलीच्या मागच्या बाजूचा फोटो त्याच रात्री हवा. सकाळपर्यंत रिफ्लेक्टर पुसून लखलखीत केलेला असतो.

मच्छे_माळ
क्रॉसवर दुकानाचा सीसीटीव्ही होता. फुटेज आता मिळेल का?

घाटमाथा
डीव्हीआरमध्ये जुनं पुसून नवं चढत जातं, बऱ्याच दुकानांत दोन-तीन आठवड्यांत. चार्जशीट गेल्यानंतर मिळणं अवघड. तरी दुकानदाराला विचारा, आणि पोलिसांनी आधी घेतलं होतं का ते चार्जशीटच्या कागदांच्या यादीत बघा. घेतलं असून लावलं नसेल तर कोर्टाकडून मागवण्याचा अर्ज होतो.

मिळालं तर व्हॉट्सॲपवर फॉरवर्ड झालेली क्लिप कामाची नाही. साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ चा दाखला लागतो, त्यात आता हॅश व्हॅल्यू (फाइलचा डिजिटल ठसा) द्यावी लागते आणि दाखल्याचे दोन भाग असतात, एक यंत्र ताब्यात असणाऱ्याचा, एक तज्ज्ञाचा. डॅशकॅम असेल तर मेमरी कार्ड काढून तसंच ठेवा, लॅपटॉपला लावून कापाकापी करू नका.

खानापूर_जंगल
गाडी अजून स्टेशनच्या आवारात आहे का? पावसात सडते ती.

पहाणी_उतारा
चांगली आठवण. निरीक्षकाची तपासणी झाली की मोटार वाहन कायद्याच्या १३६ प्रमाणे चोवीस तासांत परत द्यायची असते. तसं बहुतेक होत नाही, कोर्टात अर्ज द्यावा लागतो. आरसीवर नाव असलेल्या मालकाने द्यायचा, चालकाने नव्हे. आरसी, अपघाताच्या तारखेला चालू असलेला विमा, लायसनची प्रत आणि बाँड. कोर्ट अटी घालतं: विकायची नाही, रंग बदलायचा नाही, बोलावल्यावर हजर करायची. २००२ च्या सुंदरभाई अंबालाल देसाई निकालात स्पष्ट म्हटलंय की वाहनं स्टेशनात सडवत ठेवू नयेत, फोटो काढून परत द्यावीत. दुरुस्ती करण्याआधी चारही बाजूंचे फोटो आपणही काढा. एकदा डावा आरसा नवा बसवला की वर घाटमाथा म्हणतात तो मुद्दा फोटोशिवाय हवेत राहतो.

विमा कंपनीला अपघात लेखी कळवला होता का? कलम १३४ खाली ते चालकाचं कामच आहे.

मच्छे_माळ
कळवलं होतं, पोच आहे. लायसन मात्र पोलिसांनी घेतलं ते आलंच नाही.

पहाणी_उतारा
जप्तीची पावती दिली असेल, ती सांभाळा. लायसन आरटीओकडे गेलं असेल तर कलम १९ खाली निलंबनाआधी म्हणणं मांडायची संधी द्यायला हवी. नोटीस आली तर गप्प बसू नका, लेखी उत्तर द्या. आदेश झालाच तर तो मिळाल्यापासून तीस दिवसांत अपील आहे. निलंबनात गाडी चालवली तर वेगळी केस, आणि त्या काळात दुसरा अपघात झाला तर विमा कंपनी पैसे देऊन नंतर तुमच्याकडून वसूल करायला बघणार.

शिनोळी_नाका
तडजोड का नाही? जखमी गृहस्थ मच्छेचेच असतील तर बोलून मिटवा. खर्च द्या.

कोर्टआवार
मिटवता येतं, पण कोणतं कलम ते बघून. १२५ ए आणि बी जखमी व्यक्ती कोर्टाच्या परवानगीने मिटवू शकते, आणि मिटवणं म्हणजे निर्दोष सुटल्यासारखंच. २८१ आणि १८४ मात्र तडजोडीत येत नाहीत, ते सार्वजनिक रस्त्यावरचे गुन्हे. म्हणून निम्मी केस मिटते आणि निम्मी राहते. पूर्ण संपवायची तर हायकोर्टाच्या धारवाड खंडपीठाकडे नागरिक सुरक्षा संहितेच्या ५२८ खाली जावं लागतं, जखमीचं प्रतिज्ञापत्र घेऊन. २०१२ च्या ज्ञान सिंग निकालापासून हा रस्ता नेहमीचा झालाय. खर्च आहे, पण भरतीच्या वयाची मर्यादा बघता विचार करण्यासारखा.

दोन सावधगिऱ्या. पैसे दिले तर कागदावर, वकिलांसमोर, आणि त्यात साक्ष बदलण्याबद्दल अवाक्षर नको. दुसरं, फौजदारी मिटली म्हणून भरपाईचा दावा थांबत नाही. जखमींना तो हक्क आहे आणि ती रक्कम विमा कंपनी देते. उलट दाव्याला सहकार्य केलंत तर तडजोड सोपी जाते. त्या माणसाचं बिल कुणीतरी भरायला हवंच ना.

लालमाती
ठीक आहे, आर्मीचं डोक्यात नव्हतं माझ्या. पण समजा दोषी ठरलाच, मग?

कोर्टआवार
मग प्रोबेशन. १९५८ चा कायदा. कलम ३ आणि ४ खाली ताकीद किंवा चांगल्या वर्तणुकीच्या बाँडवर सोडता येतं. कलम ६ प्रमाणे एकवीस वर्षांखालच्याला तुरुंगात पाठवायचं तर कोर्टाला कारणं नोंदवावी लागतात. वय शिक्षेच्या दिवशीचं धरतात, अपघाताच्या दिवशीचं नाही. तुमचा वीसचा आहे, निकालापर्यंत एकवीस उलटतील, तेव्हा कलम ४ वरच बोलावं लागेल. त्याला वयाची अट नाही.

कलम १२ विसरू नका: ३ किंवा ४ खाली सोडलेल्याला त्या शिक्षेमुळे लागणारी अपात्रता लागत नाही. हे वकिलाने युक्तिवादात स्वतःहून मागायचं असतं, नाहीतर नुसता दंड लिहून निकाल होतो. मृत्यूच्या केसमध्ये मात्र याची आशा धरू नका, २००० च्या दलबीर सिंग निकालापासून कोर्टं तिथं कडक आहेत.

खानापूर_जंगल
आमच्याकडे एक 'सोपा' उपाय सुचवला जातो, दुसऱ्याचं नाव चालक म्हणून द्यायचं. त्याबद्दल लिहा कुणीतरी.

निपाणी_बायपास
तो उपाय नव्हे. मोटार वाहन कायद्याच्या कलम १३३ खाली मालकाने चालक कोण हे सांगायचं असतं आणि खोटं सांगितलं की मालक, बदली माणूस आणि खरा चालक तिघांवर जामीनपात्र केस सोडून भलतंच काहीतरी येऊ शकतं. आरोपीला वाचवायला खोटी माहिती देणं हा न्याय संहितेच्या २३८ चा विषय. टोलचं फुटेज आणि मोबाइलचं लोकेशन आता सहज निघतं.

मच्छे_माळ
शेवटचं. पोरगा सध्या पुण्याला अकॅडमीत आहे. प्रत्येक तारखेला यावंच लागेल का?

पहाणी_उतारा
पहिल्या तारखेला, आरोप वाचताना, आरोपीच्या जबाबाला आणि निकालाला यावंच. मधल्या तारखांना वकील हजेरी माफीचा अर्ज देतात, कारण आणि पुरावा लावून. अकॅडमीचं पत्र, रेल्वेचं तिकीट, जे असेल ते. तोच अर्ज सलग चार तारखांना आला की कोर्ट वैतागतं. फोन करून 'आज येत नाही' एवढं सांगून चालत नाही. अर्ज नसेल तर अजामीनपात्र वॉरंट निघतं, आणि ते रद्द करायला पोराला स्वतः उभं राहावं लागतं, जामीनदारालाही नोटीस जाते.

वकील परवडत नसेल तर उत्पन्नाच्या मर्यादेत बसतंय का बघून जिल्हा कायदा सेवा प्राधिकरणात अर्ज द्या, किंवा १५१०० वर विचारा. या आठवड्यात करायचं एवढंच: एफआयआर आणि चार्जशीटची नक्कल मागवा, जामीनदाराचा उतारा काढायला टाका, आणि पोराला तारखेच्या आदल्या रात्रीच्या गाडीने यायला सांगा.